गोठ्यापर्यंत न आलेली रहस्यकथा

इंग्रजी रहस्यकथेत गुप्तहेराचे काम कोणाकोणाकडे सोपवले गेले, याची मोजदाद केली तर मौज वाटते. पाद्री, म्हातारी अविवाहित बाई, स्वयंपाकी, ग्रंथपाल, माळी आणि त्यांच्याच पंगतीत पशुवैद्य. अमेरिकेत तर पशुवैद्य-नायकाच्या रहस्यकादंबऱ्यांची एक लहानशी शाखाच फुटली आहे. लहान गाव, सर्वांना सर्वांची माहिती, आणि या सर्वांच्या घरी हक्काने जाणारा, अपरात्री बोलावला जाणारा हा डॉक्टर. मराठीत असा नायक आमच्या वाचनात आलेला नाही. आमच्या तिगावसारख्या गावात, जिथे पोळ्याला बैलाची पूजा घरच्या माणसासारखी होते आणि दुसऱ्याच दिवशी शेजारच्या पांढुर्ण्याला जांब नदीच्या पात्रात गोटमार चालते, तिथे बसून विचार केला की ही उणीव अधिकच खटकते. ढोरांचा डॉक्टर आम्ही सर्वांनी पाहिला आहे. त्याच्यावर कथा मात्र वाचलेली नाही.

मराठी रहस्यकथेचा नकाशा काढला तर कारण काही अंशी कळते. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक पुस्तके लिहिली. त्यांचे झुंजार आणि काळा पहाड यांचे जग मुख्यतः मुंबईचे. मोटारी, बंगले, पिस्तुले आणि टेलिफोन यांचे. गुरुनाथ नाईकांनी संख्येत त्यांच्याशी बरोबरी केली आणि नायकाला सरहद्दीपर्यंत नेले. सुहास शिरवळकरांनी भाषा तरुण केली, संवाद चपळ केले. पण त्यांचा वकील आणि त्यांचे गुन्हेगार हेही शहराचेच. आमच्या पिढीने ही पुस्तके भाड्याच्या वाचनालयातून दिवसाला एक या गतीने संपवली. त्यांच्याविषयी कृतघ्न होण्याचा आमचा विचार नाही. मात्र या साऱ्या लेखनात गाव येते ते पडक्या वाड्यापुरते.

उलट ग्रामीण कथेने गाव आणले, जनावरही आणले. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'त (१९५५) दुष्काळाने मेंढरे मरू लागतात आणि वाडी उठते. जनावराच्या मरणाने माणसाचे जगणे कसे उखडते, हे इतक्या कमी शब्दांत मराठीत दुसऱ्या कोणी सांगितले असेल असे आम्हांस वाटत नाही. द. मा. मिरासदारांच्या 'भुताचा जन्म' या कथेत गावात एखादी वार्ता कशी जन्मते आणि फुगत जाते, याचे वर्णन बिनतोड आहे. परंतु तिथे रहस्य आहे ते वाचकाला हसवण्यासाठी. वार्तेचा कोणी बळी होत नाही. आमचा आक्षेप मिरासदारांवर नाही, त्यांच्यानंतर त्या वाटेने पुढे न गेलेल्यांवर आहे. गावातील वार्ता नेहमीच विनोदी नसते.

एक साधे उदाहरण घेऊ. पावसाने ओढ दिली आहे. ज्वारी गुडघ्याएवढी होऊन खुरटली आहे. दुपारी ढोरकीची नजर चुकते, चार गाई धुरा ओलांडून त्या ज्वारीत शिरतात. थोड्याच वेळात त्यांना धाप लागते, पाय लटपटतात, आणि चारही धुऱ्याजवळ आडव्या होतात. अंगावर जखम नाही, सर्पदंशाची खूण नाही. सकाळी धडधाकट असलेली गुरे दुपारी मेलेली. आता गावाला उत्तर हवे असते आणि गावाकडे ते तयार असते. करणी. किंवा, आठवड्यापूर्वी ज्याच्याशी बांधावरून भांडण झाले होते त्याने विष घातले. चार गाईंचा मालक ज्याचे नाव घेईल त्याचे त्या रात्री काय होईल, हे आम्ही सांगावयास नको.

अशा वेळी पशुवैद्य येतो. तो पाहतो तो माणसांकडे नव्हे, ज्वारीकडे. कोवळ्या, खुरटलेल्या, किंवा कापणीनंतर पुन्हा फुटलेल्या ज्वारीत हायड्रोसायनिक आम्ल तयार करणारे द्रव्य साठते, हे त्याला ठाऊक असते. जुन्या शेतकऱ्यांनाही ते ठाऊक होते. 'किरळ लागली' हा शब्द त्यातूनच आला. मेलेल्या गाईचे रक्त लालभडक दिसते. पोटातील चाऱ्याच्या वाफेवर पिक्रेटची पिवळी पट्टी धरली तर ती विटकरी होते. वेळेवर पोचला तर सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट शिरेतून देऊन एखादी गाय वाचवूही शकतो. या तपासाला पिस्तूल लागत नाही, पाठलाग लागत नाही. गुन्हेगार सापडतो तो म्हणजे एक पीक आणि पावसाची एक ओढ. आणि ज्याच्यावर नाव आले होते तो माणूस सुटतो. रहस्यकथेच्या परंपरेत शेवटी कोणी तरी पकडला जातो. येथे कोणी तरी सुटतो. हा रचनेतला फरक लहान नाही आणि त्याची वाङ्मयीन किंमत आमच्या टीकाकारांनी केलेली नाही.

आर्थर कॉनन डॉईल यांना ती कळली होती. 'सिल्व्हर ब्लेझ' (१८९२) ही त्यांची कथा रात्री न भुंकलेल्या कुत्र्यासाठी सर्वांच्या स्मरणात आहे. आमच्या मते त्या कथेतील खरा शोध कुत्र्याचा नाही, मेंढ्यांचा आहे. घोड्याच्या शिक्षकाच्या मृतदेहाजवळ नाजूक शस्त्रक्रियेची सुरी सापडते. ती कशासाठी, हे पोलिसांना उमगत नाही. होम्स मेंढ्या राखणाऱ्या मुलाला सहज विचारतो की अलीकडे कळपात काही झाले का, आणि तीन मेंढ्या लंगडू लागल्याचे कळते. घोड्याच्या पायाची शीर बेमालूम कापता यावी म्हणून शिक्षकाने आधी मेंढ्यांवर हात बसवून घेतला होता. हे निदान पशुवैद्याचे आहे. डॉईल यांनी ते होम्सच्या तोंडी घातले एवढेच. तीन लंगड्या मेंढ्यांची दखल घेणारा शहाणा आणि न घेणारा मूर्ख, अशी त्या कथेची विभागणी आहे.

पुढे त्याच डॉईल यांच्यासमोर जनावरांचेच एक खरे प्रकरण आले आणि त्याचा धागा मुंबईपर्यंत पोचतो. ग्रेट वायर्ली या इंग्लंडमधील खाणगावाचे धर्मगुरू शापुरजी एदलजी हे मूळचे मुंबईचे पारशी, धर्मांतरित. १९०३ मध्ये त्या परिसरात रात्री-अपरात्री घोडी आणि गुरे चिरलेली आढळू लागली. संशय धर्मगुरूंचा वकील मुलगा जॉर्ज याच्यावर ठेवण्यात आला आणि त्याला सात वर्षांची सक्तमजुरी झाली. या खटल्यात पशुवैद्याची साक्ष फार महत्त्वाची होती. सकाळी पाहिलेली तट्टाची जखम ताजी आहे, म्हणजे घाव पहाटेच्या सुमारास पडला असावा, असे त्याचे म्हणणे. जॉर्ज फिरून आला तो आदल्या रात्री साडेनऊला, आणि त्यानंतर तो वडिलांच्याच खोलीत कुलूप लावून झोपला होता. खरे तर येथेच खटला कोसळावयास हवा होता. फिर्यादी पक्षाने त्याऐवजी गुन्ह्याची वेळ बदलली. कोटावर घोड्याचे केस सापडले, तर कोट आणि तट्टाच्या कातड्याचा तुकडा पोलिसांनी एकत्र बांधला होता, असा डॉईल यांचा आक्षेप. १९०७ च्या जानेवारीत त्यांनी वृत्तपत्रातून ही सारी मांडणी केली. जॉर्जची दृष्टी इतकी अधू होती की अंधारात शेते ओलांडून तो हे करूच शकत नव्हता, हेही दाखवले. जॉर्जला माफी मिळाली, भरपाई मिळाली नाही. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये फौजदारी अपिलाचे न्यायालय स्थापन झाले. ज्युलियन बार्न्स यांनी २००५ मध्ये यावर 'आर्थर अँड जॉर्ज' ही कादंबरी लिहिली. ती उत्तम आहे. पण तिचे लक्ष दोन नायकांच्या मनांवर आहे. जखम पाहून वेळ सांगणारा तो पशुवैद्य तिच्यातही कडेलाच राहतो.

परक्या रंगाचा माणूस तिथे दोषी ठरला. आपल्याकडे असा माणूस कोण होता, हे विचारण्याचे धाडस मराठी रहस्यकथेने केले नाही, म्हणून आम्ही विचारतो. मेलेले ढोर ओढण्याचे काम गावाने ज्यांच्यावर लादले, त्याचे कातडे आणि मांस ज्यांच्या वाट्याला टाकले, त्यांच्यावरच ढोर मारल्याचा संशय घेतला. एकोणिसाव्या शतकात उत्तर भारतात चर्मकारांनी सोमल घालून गुरे मारल्याचा आरोप इतका पसरला की सरकारी कागदपत्रांत त्याला शास्त्राचे रूप आले. विषप्रयोग होत नव्हते असे नाही. गुंजेच्या बियांची पूड मळून, उन्हात वाळवून केलेली टोकदार सळई जनावराच्या अंगात खुपसण्याची रीत न्यायवैद्यकाच्या ग्रंथांत नोंदलेली आहे. जनावर तीन-चार दिवसांनी मरते आणि लक्षणे घोणस चावल्यासारखी दिसतात. तथापि त्याच काळात बुळकांडी गावेच्या गावे रिकामी करीत होती, आणि त्या साथीने मेलेल्या किती गुरांचा दोष माणसांच्या माथी गेला, याचा हिशेब कोणाजवळ नाही. साथीचा शास्त्रीय तपास करणारी प्रयोगशाळा १८८९ मध्ये पुण्यास निघाली आणि १८९३ मध्ये मुक्तेश्वरला गेली. बुळकांडी पृथ्वीवरून गेली ती २०११ मध्ये. मधल्या काळात, १९२७ च्या मार्चमध्ये, महाडला डॉ. आंबेडकरांनी मृत जनावरांचे मांस सोडा असे आपल्या लोकांना सांगितले. त्या सांगण्यामागे स्वाभिमान होता हे सर्वजण लिहितात. त्याने या जुन्या संशयाचा पायाही काढून घेतला, हे फारसे कोणी लिहीत नाही.

येथे जेम्स हेरियट यांचा विचार करावयास हवा, कारण पशुवैद्य-कथा म्हटले की त्यांचेच नाव निघते. हे टोपणनाव, खरे नाव जेम्स आल्फ्रेड वाइट, यॉर्कशायरच्या थर्स्क गावचे पशुवैद्य. १९७० पासून आलेली त्यांची पुस्तके आम्ही प्रेमाने वाचली आहेत. त्यांत एक प्रसंग आहे: गाय वीज पडून मेली असे सांगून शेतकरी विम्याचा दाखला मागतो, आणि शवविच्छेदनात हृदयाचा रोग निघतो. दाखला द्यावा की न द्यावा, गिऱ्हाईक तुटेल, गावभर बदनामी होईल. ही चिमुकली रहस्यकथाच आहे, आणि तीत पशुवैद्याची खरी अडचण पकडली आहे: सत्य त्याला सापडते, पण ते ज्याला सांगावयाचे त्याच्याच अंगणात तो उभा असतो. हेरियट मात्र प्रसंगाला हसतमुखाने कड लावून पुढे जातात. त्यांच्या दऱ्याखोऱ्यांत खोटे बोलणारा विमा बुडवतो. कोणाचे घर जाळत नाही. मराठी लेखकाने त्यांचा प्रसन्नपणा उचलला आणि एवढा भाग विसरला, तर हाती उसनी गोडी येईल.

फाशी या रोगाचेच पाहा. त्याने मेलेल्या जनावराच्या नाकातोंडातून न गोठणारे रक्त येते. गावाला ते विषाचे किंवा करणीचे लक्षण वाटते आणि सर्वांचा आग्रह असतो की फाडून पाहा. जाणता डॉक्टर नेमके तेच करीत नाही. कानाच्या शिरेतील रक्ताचा एक थेंब काचेवर घेतो आणि खड्डा खणून चुना घालून पुरावयास सांगतो, कारण कलेवर उघडले की रोगाचे बीज मातीत पसरते आणि दशकानुदशके जगते. ज्या तपासनिसाला प्रेत उघडण्याचीच बंदी आहे आणि ज्याच्यावर म्हणूनच 'हा काही तरी लपवतो' असा आरोप येतो, त्याच्याहून चांगला नायक कोणत्या कथाकाराला हवा?

या उपखंडातील सर्वांत मोठ्या पशुवैद्यकीय रहस्याची गोष्टही कथेत यावयाची आहे. १९९० नंतर गिधाडे नाहीशी होऊ लागली. विषाणू असावा, कीटकनाशक असावे, असे तर्क चालले. लिंडसे ओक्स या पशुवैद्याने पाकिस्तानात मेलेली गिधाडे तपासून २००४ मध्ये दाखवून दिले की दुखऱ्या गुरांना टोचले जाणारे डायक्लोफिनॅक त्यांच्या मढ्यांतून गिधाडांच्या मूत्रपिंडांत जाते. २००६ मध्ये भारताने गुरांसाठी ते औषध बंद केले. आजार बरा करण्याचे इंजेक्शनच मारेकरी, आणि ते देणाराही पशुवैद्यच. अशी कलाटणी अर्नाळकरांना सुचली असती तर त्यांनी तीन प्रकरणे आधी सावध केले असते.

आमच्यावर एक आक्षेप येईल तो आम्हीच मांडतो. सरकारी पशुवैद्याला ना अटकेचा अधिकार, ना जबानी घेण्याचा. त्याचा अहवाल चार ओळींचा. आम्ही नोकरीत अशा चार ओळी पुष्कळ वाचल्या, आणि खरे सांगावयाचे तर न वाचता पुष्कळ नस्तीबंद केल्या. 'मृत्यूचे कारण: चाऱ्यातून विषबाधा. घातपात आढळून येत नाही.' यातील दुसऱ्या वाक्यावर कोणाची तरी त्या रात्रीची झोप अवलंबून असे, हे तेव्हा आमच्या ध्यानात आले नाही. कथा तिथून सुरू करता येईल: अहवाल लिहून झाला आहे, शिक्का कोरडा होतो आहे, आणि कोठ्याच्या दाराशी दोन माणसे उभी आहेत, एकाच्या गाई मेल्या आहेत, दुसऱ्याचे नाव आले आहे, आणि दोघांनाही वाचता येत नाही.