‘घाशीराम’मध्ये आधी भिंतीकडे बघा

ऐतिहासिक नाटक संशोधनाला घेतलं की पहिला प्रश्न ठरलेला: हे इतिहासाला धरून आहे का? प्रश्न चुकीचा नाही. पण त्यावरच थांबलात तर प्रयोग हातातून निसटतो.

विजय तेंडुलकरांचं ‘घाशीराम कोतवाल’ घ्या. १६ डिसेंबर १९७२ला ते पुण्यात रंगमंचावर आलं. दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, संगीत भास्कर चंदावरकरांचं. नाना फडणवीसांची बदनामी झाली म्हणून वाद पेटला, मूळ संस्थेने प्रयोग थांबवले. मग कलावंतांनी ‘थिएटर अकॅडमी’ काढून ते पुन्हा सुरू केले. सगळा वाद नानांभोवती फिरला. माझ्या मते मात्र प्रयोगाचा कणा आहे ती माणसांची भिंत.

ओळीने उभे ब्राह्मण गातात, डोलतात. पाठ फिरवली की त्यांचाच आडोसा होतो. कीर्तनाला लावणी खेटून येते. चाली इतक्या गोड की आपणही ठेका धरतो. मग लक्षात येतं, आपण डोलतोय ते डोळेझाक करणाऱ्यांसोबत.

आता शेजारी मुसोर्गस्कीचा रशियन ऑपेरा ठेवा, ‘बोरिस गोदुनोव’ (१८७४). तिथे सुरुवातीलाच शिपाई धाक दाखवून लोकांना विनवण्या करायला लावतो, की बोरिसने राजा व्हावं. पुण्याच्या भिंतीला असा दंडुका लागतच नाही, ती आपणहून फिरते. तुमचा संशोधनप्रश्न या फरकात आहे: सत्तेला गर्दी कशी मिळते, धाकाने की राजीखुशीने?

२०१३ला म्युनिकमध्ये कॅलिक्स्टो बिएइतोने ‘बोरिस’मधल्या गर्दीच्या हातात आजच्या राजकारण्यांचे फोटो दिले. अर्थ झटक्यात कळतो, आणि तिथेच संपतो. ‘घाशीराम’ कुणाचा फोटो दाखवत नाही. आपला नाना ज्याने त्याने शोधायचा. म्हणून ते अजून बोचतं.

एक गोष्ट खटकतेच. जिचा सौदा होतो त्या गौरीच्या वाट्याला मोजकीच वाक्यं येतात. यावरही एक प्रबंध होऊ शकतो.

१९७६चा सिनेमा ही वेगळी कलाकृती आहे, त्याला नाटकाच्या प्रयोगाचा पुरावा समजू नका. अकोल्यात राज्य नाट्य स्पर्धेचं नाटक बघा नाहीतर गावातली दंडार. वहीत तीन रकाने आखा: समूह कधी गातो, कधी गप्प राहतो, कधी पाठ फिरवतो. इतिहास तपासायचाच आहे, पण हे रकाने भरल्यावर.