शोक आणि भय : मेरी शेलीची ‘फ्रँकेन्स्टाइन’

भयकथेच्या कर्त्याचे आयुष्य दुःखमय असले, की त्या दुःखांची गणना केल्याने कथेचा उलगडा झाला असे मानण्याकडे समीक्षेचा कल असतो. मेरी शेलीच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’बाबत हा मोह विशेष बळावतो. ३० ऑगस्ट १७९७ रोजी तिचा जन्म झाला आणि १० सप्टेंबरला तिची आई, मेरी वुल्स्टनक्राफ्ट, प्रसूतिज्वराने वारली. १८१५ मध्ये अपुऱ्या दिवसांची जन्मलेली तिची पहिली मुलगी काही दिवसांतच दगावली. शेकोटीपुढे चोळताच ते मूल पुन्हा सजीव झाले, अशा स्वप्नाची नोंद तिच्या दैनंदिनीत आहे. पुढच्याच वर्षी जिनीव्हाजवळ कादंबरीचा आरंभ झाला.

तथापि सनावळीच येथे सावध करते. कादंबरीत विल्यम नावाच्या बालकाचा खून होतो. मेरीचा विल्यम मात्र १८१९ मध्ये, म्हणजे कादंबरी प्रसिद्ध झाल्यावर, रोम येथे वारला. तेव्हा शोकाने कथानक पुरविले असे म्हणणे अपुरे आहे. शोकाने भयाचे स्थान बदलले, हे अधिक खरे. वॉलपोलच्या ‘द कॅसल ऑफ ओट्रांटो’त (१७६४) भय जुन्या किल्ल्यात आणि पूर्वजांच्या पापात वसते, येथे ते जन्माच्या क्षणी उपजते. निर्मितीने डोळे उघडताच निर्माता तिच्याकडे पाठ फिरवतो, हीच या कादंबरीतील खरी भीषण घटना होय. भरताने भयानकाचा उगम बीभत्सात सांगितला आहे. फ्रँकेन्स्टाइनला आपल्या निर्मितीची वाटणारी किळस त्या सूत्राशी जुळते. पण टाकून दिलेला जीव स्वतःची कहाणी सांगू लागला, की वाचकाचे भय करुणेत मिसळते. मातृहीन लेखिकेचा अनुभव शोधायचा तो या मिश्रणात.

या मताला एक उलटा पुरावाही आहे. १८१८ च्या आवृत्तीत फ्रँकेन्स्टाइनचा अपराध बव्हंशी त्याच्या निवडीचा आहे. १८३१ च्या सुधारित आवृत्तीत नियतीचा हात ठळक होतो. मधल्या काळात क्लारा व विल्यम ही दोन मुले आणि १८२२ मध्ये बुडून मरण पावलेला पती तिने गमावले होते. जीवनाचा ठसा येथे अधिक उघड आहे, परंतु कलाकृतीचे बळ त्याने वाढले नाही. सारे विधिलिखित ठरले, की पाठ फिरवणाऱ्याचा दोष हलका होतो आणि त्याबरोबर भयही. शोकाला उत्तर सापडले नव्हते, तोवरच त्याने थोर भयकथा घडविली.