जे धूमकेतू नव्हते, त्यांची यादी

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत गावी होतो. चंद्र मावळल्यावर बाबांना गच्चीवर नेलं. हातात नवी कोरी १०×५०ची दुर्बीण. शर्मिष्ठेचा एम शोधला, तिथून देवयानीकडे सरकलो आणि दुर्बीण बाबांच्या हातात देऊन म्हणालो, "बघा, २५ लाख प्रकाशवर्षं लांबची दीर्घिका!" बाबांनी बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "तो पुसट डाग? एवढंच होय रे?"

त्यानंतर मी जे केलं त्याची मला अजून लाज वाटते. खिशातून फोन काढला, देवयानी दीर्घिकेचा फोटो शोधला आणि बाबांच्या डोळ्यांसमोर धरला. निळे-गुलाबी सर्पिल हात, मधला सोनेरी गाभा. बाबांनी फोटो पाहिला आणि म्हणाले, "मग हेच बघू की खाली बसून. थंडीत कशाला उभं राहायचं?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आकाश बघण्याचा छंद असलेल्या कुणालाही हा प्रश्न कधी ना कधी पडतोच. मला त्याचं उत्तर बऱ्याच दिवसांनी सापडलं, तेही एका कोरड्या यादीत. मेसिएच्या यादीत.

हौशी निरीक्षक ही यादी पंचांगासारखी वापरतात, पण ती वाचत मात्र कुणी नाही. वाचण्यासारखी आहे. शार्ल मेसिए हा अठराव्या शतकातला पॅरिसमधला निरीक्षक. त्याला वेड धूमकेतूंचं. १७५८ साली हॅलेचा धूमकेतू परत येणार म्हणून सगळा युरोप वाट बघत होता. मेसिएही शोधत होता, पण त्याचे वरिष्ठ दलील यांनी काढलेला मार्ग चुकीचा होता, त्यामुळे तो महिनोन्महिने भलतीकडेच बघत राहिला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, दुसऱ्याच एका धूमकेतूच्या मागावर असताना, वृषभ राशीत त्याला एक धूसर ठिपका दिसला. धूमकेतू हलतो, हा हलेना. म्हणजे फसगत. अशी फसगत पुन्हा होऊ नये म्हणून त्याने ठिपक्याची नोंद केली. तोच यादीतला पहिला, एम १. आज आपण त्याला खेकडा तेजोमेघ म्हणतो. १०५४ साली चिनी निरीक्षकांनी ज्या ताऱ्याचा स्फोट पाहिला, त्याचे हे अवशेष.

थोडक्यात, ही यादी नको असलेल्या गोष्टींची आहे. १७७४ साली ती पहिल्यांदा छापली तेव्हा तीत ४५ नोंदी होत्या, १७८१पर्यंत १०३ झाल्या. नंतरच्या लोकांनी भर घालून त्या ११० केल्या. मेसिएचे धूमकेतू आज कुणाच्या लक्षात नाहीत. अडथळे म्हणून बाजूला काढलेल्या वस्तू मात्र जगभरचे लोक दुर्बिणी घेऊन शोधत फिरतात.

पण मला ही यादी आवडते ती या गमतीमुळे नाही. तीतल्या एका चुकीमुळे आवडते. शौरी तारकासमूहातला एम १३ हा लाखो ताऱ्यांचा गोलाकार गुच्छ आहे. मेसिएने त्याच्यापुढे नोंद केली की यात एकही तारा नाही. त्याच्या लहान दुर्बिणीतून खरंच एकही तारा वेगळा दिसत नव्हता. शास्त्र म्हणून ही नोंद साफ चूक आहे. निरीक्षण म्हणून ती शंभर टक्के प्रामाणिक आहे. जे दिसलं ते लिहिलं, जे दिसलं नाही ते नाही म्हणून लिहिलं.

आपलं नेमकं उलटं होतं. आपण आधी फोटो बघतो आणि मग आकाशात तो फोटो शोधतो. हे फोटो खोटे आहेत असं माझं म्हणणं नाही. कॅमेरा तासन्‌तास उजेड साठवत राहतो. डोळा ते करू शकत नाही. अंधारात काम करणाऱ्या आपल्या डोळ्यातल्या पेशींना रंग जवळजवळ कळत नाहीत, म्हणून तेजोमेघ करडे दिसतात. हबलच्या चित्रांतले रंग वेगवेगळ्या फिल्टरमधून घेतलेल्या प्रतिमा जोडून तयार होतात. हे सगळं योग्यच आहे, पण ते दुसऱ्या कुणाचं तरी पाहणं आहे. त्या मापाने स्वतःचं पाहणं मोजलं की हाती "एवढंच?" उरतं.

यादीत दोषही आहेत, आणि तिचे भक्त ते सांगत नाहीत. कृत्तिका (एम ४५) आणि पुष्य (एम ४४) यादीत आहेत. आपल्याकडे ही नक्षत्रं कधीपासून नावानिशी ओळखली जातात. ती धूमकेतू वाटावीत अशी नाहीतच. उलट ययातीतला नुसत्या डोळ्यांना दिसणारा जोडगुच्छ यादीत नाही. एम ४० म्हणजे तर जवळजवळ दिसणारे दोन साधे तारे. आणि सगळ्यात मोठी उणीव: नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी, आकाशातला सगळ्यात तेजस्वी गोलाकार गुच्छ, तीत नाही. का? कारण तो पॅरिसच्या क्षितिजावर येतच नाही. महाराष्ट्रातून तो उन्हाळ्यात दक्षिणेला छान दिसतो. एका पॅरिसकराला त्याच्या घुमटातून जे दिसलं, त्यालाच आपण आकाशाचा अभ्यासक्रम करून टाकलं.

त्याहून मोठी तक्रार आपल्या वापराबद्दल आहे. मार्चअखेरच्या अमावास्येला जगभर 'मेसिए मॅरेथॉन' होते: संध्याकाळी मावळतीकडच्या एम ७४, एम ७७पासून सुरुवात, पहाटे उगवत्या एम ३०पर्यंत धावपळ, एका रात्रीत सगळ्या ११०. मीही केली. माझ्या ७८ झाल्या. त्यातल्या आज मला तीन आठवतात. मॅरेथॉनमुळे आकाशाचा नकाशा तोंडपाठ होतो, हे मान्य. पण एका वस्तूला पाच मिनिटं म्हणजे वेब सिरीज दुप्पट वेगाने बघण्यासारखं झालं. नोंदवहीत बरोबरच्या खुणा भरल्या, वाक्य एकही नाही. मेसिएने निदान प्रत्येक ठिपक्याला एखाददुसरं वाक्य तरी दिलं होतं.

गेल्या दिवाळीत पुन्हा गच्चीवर गेलो. आता गावात खांबाखांबावर पांढरे एलईडी लागलेत. रात्री शेतावरून येणाऱ्यांना उजेड हवाच, त्याबद्दल बोलायला मी शहरातून आलेला कोण? टाकीच्या आडोशाला सतरंजी टाकली. दोघांचे फोन खालीच ठेवले. अंधाराला डोळे सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. तेवढा वेळ बाबा विहिरीच्या पाण्याबद्दल बोलत होते. मग दुर्बीण दिली आणि लाल जिलेटिन लावलेली बॅटरी, वही, पेन्सिल. म्हणालो, "काय आहे ते मी सांगणार नाही. दिसेल ते लिहा."

बाबा म्हणाले, "सरळ बघितलं की जातंय. जरा बाजूला बघितलं की येतंय." निरीक्षक ज्याला तिरकी नजर म्हणतात आणि नवशिक्याला मुद्दाम शिकवतात, ते त्यांना आपसूक सापडलं होतं. दुर्बीण त्यांनी पाऊण तास सोडली नाही. थंडीचा विषय निघाला नाही.

वहीत त्यांच्या अक्षरात एक ओळ आहे: "धुराचा डाग. लांबट. मधे जास्त. उजवीकडे दोन बारके तारे."

त्याच्या खाली मी तारीख घातली आणि एम ३१ असं लिहिलं.