धरणाकाठी वाचावीत अशी चार पुस्तके

तानसा आणि भातसा ही जलाशये शहापूर तालुक्यात. त्यांचे पाणी मुंबईला जाते आणि उन्हाळ्यात इथल्या पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. मुरबाडकडे काळू धरणाचा वाद वर्षानुवर्षे चालत आला आहे. अशा परिसरातल्या वाचकाने काय वाचावे, हा केवळ आवडीनिवडीचा प्रश्न उरत नाही. अलीकडे वाचलेली चार पुस्तके याच दृष्टीने सुचवीत आहे.

पहिली कादंबरी. विश्वास पाटील यांच्या ‘झाडाझडती’ला १९९२ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. धरणग्रस्तांची परवड हा तिचा विषय. कचेरीतले तपशील काही ठिकाणी कथेला जड होतात, हे खरे. परंतु अर्ज आणि हेलपाटे यांत माणूस कसा झिजतो, हे त्यांच्यावाचून उमगलेही नसते.

दुसरे पुस्तक आठवणींचे : गोदावरी परुळेकर यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’. तलासरी-डहाणू भागात १९४५ साली वेठ नाकारणारा वारली त्यात भेटतो. लेखिकेची साम्यवादी निष्ठा आपल्याला मान्य नसेल; तेवढ्यासाठी पुस्तक दूर सारणे मात्र करंटेपणाचे ठरेल. निर्गमाच्या ग्रंथातील विटा पाडणाऱ्या दासांचा आक्रोश ज्याने ऐकला, त्याला हा आक्रोश परका वाटू नये.

तिसरे, फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ (१६१६). इंग्लंडहून गोव्यात आलेल्या या येशूसंघीयाने ख्रिस्तचरित्र ओवीत गुंफले, कारण इथल्या श्रोत्यांच्या कानाला ओवीच ओळखीची होती. जुनी भाषा प्रथम अडखळवते. घरात मोठ्याने वाचावे. अर्थ आपोआप उलगडू लागतो.

चौथा कवितासंग्रह, वाहरू सोनवणे यांचा ‘गोधड’. पाटील आणि परुळेकर यांनी पीडितांविषयी लिहिले. इथे भिल्ल कवी स्वतः बोलतो. आदिवासींचे दुःख त्यांनाच खाली बसवून सांगणाऱ्यांना त्यांच्या ‘स्टेज’ या कवितेने आरसा दाखवला आहे. प्रवचनपीठावरून बोलणाऱ्या आम्हा धर्मगुरूंनीही त्यात डोकवावे.

शहापूर-मुरबाडच्या कातकरी, ठाकूर, महादेव कोळी यांनीही आपले पुस्तक आपणच लिहावे, ही अपेक्षा या वाचनातून बळावते. स्टीफन्स यांनी लोकांच्या वाणीला मान दिला. पाड्यावरच्या मुलाची बोली शाळेत आणि चर्चमध्ये हसण्यावारी न नेणे, एवढे तरी आपल्या हाती निश्चित आहे.