अवधान आणि विघ्न : अखंड जोडणीच्या काळातील वाचक

भारतात इंटरनेट सर्वसामान्यांसाठी १५ ऑगस्ट १९९५ रोजी खुले झाले. पहिली काही वर्षे त्याचे स्वरूप 'जाऊन येण्याच्या' ठिकाणासारखे होते. दूरध्वनीच्या तारेवरून जोडणी करावयाची, काम उरकावयाचे आणि जोडणी तोडावयाची. पुढे स्मार्टफोन हाती आला आणि २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला. तेव्हापासून जोडणी ही घटना न राहता अवस्था बनली. या स्थित्यंतराची सामाजिक व मानसशास्त्रीय चर्चा विपुल झाली आहे. साहित्यविचाराच्या दृष्टीने मात्र प्रश्न वेगळा आहे. प्रत्येक आस्वादमीमांसा एक वाचक गृहीत धरते. या अवस्थेत त्या गृहीत वाचकाचे काय होते, हा तो प्रश्न होय.

या प्रश्नाचे प्रचलित उत्तर ऱ्हासाच्या भाषेत दिले जाते. निकोलस कार यांच्या 'द शॅलोज' (२०१०) या ग्रंथाने ते लोकप्रिय केले : सतत विचलित होणारे मन सखोल वाचनाची क्षमता गमावते. परंतु हे उत्तर जसेच्या तसे स्वीकारणे कठीण आहे. लेखनकलेमुळे स्मृती दुबळी होईल ही भीती प्लेटोच्या 'फीड्रस'मध्येही व्यक्त झालेली आहे. शिवाय प्रायोगिक पुरावाही एकमुखी नाही. शोधयंत्रामुळे स्मरणाची पद्धत बदलते, असे सांगणारे बेट्सी स्पॅरो व सहकाऱ्यांचे संशोधन २०११ साली गाजले. त्यातील एका प्रयोगाची पुनरावृत्ती मात्र २०१८ च्या व्यापक पडताळणीत यशस्वी झाली नाही. मेंदूत काय बदलले याचा निवाडा समीक्षेने करू नये, हे उचितच. आस्वादाची परिस्थिती कशी बदलली, हे पाहणे मात्र तिच्याच अधिकारातले आहे.

त्यासाठी लागणारी संकल्पना भारतीय काव्यशास्त्रात सिद्ध आहे. नाट्यशास्त्राच्या पहिल्या अध्यायातील कथेनुसार पहिल्याच प्रयोगावर विघ्नांनी हल्ला केला आणि नटांची वाणी, हालचाल व स्मृती थिजवून टाकली. त्यानंतर ब्रह्मदेवाने विश्वकर्म्याकडून नाट्यगृह उभारून घेतले. म्हणजे नाट्यगृह ही केवळ सोय नव्हे, तर विघ्नांपासून संरक्षण देणारी रचना आहे. अभिनवगुप्ताने 'अभिनवभारती'त हीच कल्पना प्रेक्षकाच्या चित्तात नेली. रसप्रतीती ही विघ्नरहित प्रतीती होय, असे सांगून त्याने सात रसविघ्ने मोजली. त्यांपैकी 'निजसुखादिविवशीभाव' येथे विशेष महत्त्वाचा आहे. स्वतःच्या सुखदुःखाने ग्रासलेला माणूस दुसऱ्या कशात चित्त विसावू शकत नाही. त्यावरचा उपाय अभिनवगुप्त उपदेशात शोधत नाही. वाद्य, गायन, चित्रविचित्र मंडप अशा रंजक साधनांनी ते विघ्न दूर होते, असे तो म्हणतो. एकाग्रता ही प्रेक्षकाची नैतिक जबाबदारी न मानता ती रंगव्यवस्थेने घडवावयाची गोष्ट मानणे, हे या विवेचनाचे मर्म आहे.

हा विचार नाट्याच्या संदर्भातला असला तरी वाचनाला लावून पाहता येतो. मुद्रित पुस्तकाच्या वाचकाला मंडप नव्हता. पण पुस्तकाची बांधणी, खोलीचे दार आणि एकान्त ही त्याची व्यवस्था होती. विघ्न बाहेरून येई आणि बाहेरच राही. स्मार्टफोनवर मात्र कादंबरी ज्या काचेवर उमटते त्याच काचेवर वाचकाच्या खासगी आयुष्याची हाक येते : कार्यालयाचा निरोप, आप्ताचे छायाचित्र, स्वतःच्या मजकुराला मिळालेली पसंती. निजसुख आणि निजदुःख यांना आत शिरण्यासाठी दारच उरत नाही. मंडप आणि विघ्न एकच झाले आहेत. जुन्या विचलनापेक्षा नवे विचलन प्रमाणाने मोठे आहे एवढाच हा भेद नाही. तो जातीचा भेद आहे.

यावर एक आक्षेप संभवतो. खंडित वाचन मराठीला नवे नाही. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षांत कोण घेतो?' ही कादंबरी 'करमणूक' या साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. तिच्या वाचकाला दर आठवड्याला थांबावे लागले, तरी तिचा परिणाम उणावला नाही. आक्षेप खरा आहे आणि तो मूळ विधानाला अधिक नेमके करतो. वोल्फगांग इझरने क्रमशः प्रकाशनाचा विचार करताना दाखविले की, खंडामुळे वाचकाची कल्पनाशक्ती कामाला लागते. पण त्यासाठी तो खंड रिकामा असावा लागतो. दोन अंकांमधल्या आठवड्यात यमूचे काय होईल, हा विचार वाचकाच्या मनात रेंगाळत असे. अखंड जोडणीत खंड पडताक्षणीच भरला जातो. वाचकाला तुटलेपण सोसावे लागत नाही, म्हणून जोडण्याचे कामही करावे लागत नाही. हरवते ते सातत्य नव्हे; हरवते ती रिकामी जागा.

या जागेचे मोल मराठी परंपरेने फार पूर्वी ओळखले होते. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानदेव श्रोत्यांकडे फक्त अवधान मागतात आणि श्रोत्यावाचून वक्ता वक्ताच होत नाही, असे सुचवितात. तेथे अवधान हे श्रोत्याने दिलेले दान आहे. ते मागताना विनवणी करावी लागते, म्हणजेच नकाराचा अधिकार श्रोत्याकडे आहे. हर्बर्ट सायमनने १९७१ साली माहितीच्या विपुलतेमुळे अवधानाचे दुर्भिक्ष निर्माण होते, हे दाखविले. जे दुर्मीळ झाले त्याची बाजारपेठ उभी राहिली, आणि जाहिरातीवर चालणाऱ्या सेवा आज वापरणाऱ्याचे अवधान विकतात. विनवणीची जागा अशा प्रकारे योजनेने घेतली. शेवट नसलेली सरकती पाने आणि अवेळी वाजणाऱ्या सूचना ही त्या योजनेची साधने होत. दान आणि वसुली यांतील हा फरक आस्वादमीमांसेला दुर्लक्षिता येणार नाही.

येथेच 'सहृदय' या संकल्पनेचा पुनर्विचार आवश्यक ठरतो. अभिनवगुप्ताच्या मते सहृदयाचे मन काव्याच्या अनुशीलनाने, अभ्यासाने आरशासारखे स्वच्छ होते. सहृदयता जन्मजात नाही, ती घडते. जे घडते ते न घडण्याचीही शक्यता असते. वर्गात दीर्घ कविता वाचताना विद्यार्थी अस्वस्थ होतो, तेव्हा त्याला 'अरसिक' ठरविणे सोपे आहे. पण काव्यशास्त्राला ते मान्य होणार नाही. विघ्न असेल तर मंडप कोणता उभारला, हा प्रश्न शास्त्र प्रथम व्यवस्थेला विचारते. विद्यापीठातील साहित्याचा तास, ग्रंथालयाची शांत खोली, एकत्र बसून केलेले सलग वाचन या आज जुनाट वाटणाऱ्या गोष्टींकडे या दृष्टीने पाहता येईल. त्यांचे समर्थन गतकाळाच्या ओढीने करण्याचे कारण नाही. वाचक आपले अवधान स्वेच्छेने देऊ शकेल किंवा नाकारू शकेल, अशा उरलेल्या मोजक्या जागांपैकी त्या आहेत. त्या मोडल्या तर साहित्यकृती उपलब्ध राहतील, कदाचित पूर्वीपेक्षा अधिक सुलभपणे. पण ज्याच्यासाठी त्या लिहिल्या गेल्या तो सहृदय घडण्याचे ठिकाण उरणार नाही.