'नाइस' : एका विशेषणाचे अर्थस्तर आणि ऑस्टिनचा संवाद

इंग्रजीतील 'नाइस' हे विशेषण अर्थोत्कर्षाचे उदाहरण म्हणून नेहमी दिले जाते. लॅटिनमधील 'नेस्कियस', म्हणजे अजाण, या शब्दापासून ते जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजीत आले तेव्हा त्याचा अर्थ 'मूर्ख' असा होता; चॉसरलाही तो परिचित होता. पुढे चोखंदळ, नाजूक, काटेकोर या छटा त्याला येऊन मिळाल्या आणि १८व्या शतकाच्या उत्तरार्धात 'छान' हा अर्थ रूढ होऊ लागला. 'साहस' शब्दाचा प्रवासही असाच आहे : धर्मशास्त्रात बळजोरीचा अपराध, मराठीत धाडस. मात्र 'साहस'चा जुना अर्थ मराठीच्या व्यवहारातून गेला; 'नाइस'चे जुने अर्थ नव्याशेजारी दीर्घकाळ नांदले. साहित्याच्या दृष्टीने महत्त्व आहे ते या सहवासाला.

जेन ऑस्टिनच्या मृत्यूनंतर, १८१७च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या 'नॉर्दँगर अ‍ॅबी'त १७ वर्षांची कॅथरिन अ‍ॅन रॅडक्लिफच्या 'युडॉल्फो'ला (१७९४) हे विशेषण लावते. पुस्तकाचा नेटकेपणा बांधणीवर अवलंबून, असे म्हणून हेन्री टिल्नी तिला छेडतो. हा शब्द पूर्वी नेटकेपणा, औचित्य, सुसंस्कृत रुची यांपुरता होता, आता कशाचीही स्तुती त्यानेच होते, ही त्याची तक्रार. या प्रसंगात भाषाशुद्धीचा पाठ शोधणे सोपे, पण अपुरे आहे. हेन्री ज्याला मूळ अर्थ समजतो तो मुळात मधला आहे. शिवाय त्याची बहीण एलिनॉर त्याला त्याच्याच शस्त्राने गाठते : हे विशेषण भावालाच शोभते, तेही स्तुती म्हणून नव्हे, त्याच्यात शहाणपणापेक्षा 'नाइस'पणाच जास्त! येथे शब्द जुन्याच अर्थाने येतो, पण 'फाजील चोखंदळ' असा दोष दाखवीत.

मराठी अनुवादकाची कसोटी याच वाक्यावर लागते. 'छान' हा शब्द कॅथरिनचा भाबडा उत्साह पेलतो, 'छान केलेस!' यातला उपरोधही पेलतो. एलिनॉरच्या तोंडी मात्र तो निरर्थक ठरतो. 'चोखंदळ' तिला शोभेल, पण पुस्तक चोखंदळ कसे असणार? 'नाइस' तसाच ठेवावा, तर मराठी बोलण्यात रुळलेल्या 'नाइस'ला केवळ नवा अर्थ आहे. बांधणीचा विनोद गमावला तरी चालेल. एलिनॉरचा टोला राखलाच पाहिजे, कारण हेन्रीच्या पांडित्याची झाडाझडती कादंबरी त्या एका वाक्यात घेते.