बंद विमानतळाचा अंमल : सोलापूर व काकडी यांच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रादेशिक विमानतळांविषयी मराठीत जे लेखन होते, ते साधारणतः दोन प्रसंगी होते. विमानतळाचे उद्घाटन झाले की गौरवपर लेखन होते आणि विमानसेवा खंडित झाली की तक्रारवजा लेखन होते. पहिल्या प्रकारात विमानतळ हा विकासाचे प्रवेशद्वार ठरतो, तर दुसऱ्यात तोच पांढरा हत्ती ठरतो. वरकरणी ही दोन्ही मते परस्परविरोधी वाटत असली, तरी त्यांच्या मुळाशी असलेले गृहीतक एकच आहे. ते असे की, विमाने उडत असतील तोवर विमानतळाचे अस्तित्व आणि ती थांबली की तो केवळ एक रिकामा डांबरी पट्टा. या गृहीतकाची तपासणी सोलापूरच्या होटगी रस्त्यावरील विमानतळाच्या आधारे करता येते. कारण जवळजवळ दीड दशक ‘माजी’ म्हणून ओळखल्या गेलेल्या या विमानतळाने त्याच काळात आपल्या परिसरावर सर्वाधिक अंमल गाजविला.

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील अभ्यासकांना हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. सोलापूर हा सीमेला लागून असलेला जिल्हा आहे. दोन्ही जिल्ह्यांतील अवर्षणप्रवण माळराने सारखी, उसाचे अर्थकारण सारखे. शिवाय सोलापूरच्या विमानतळावरील संघर्ष ज्या वास्तूभोवती पेटला ती वास्तू, म्हणजे सहकारी साखर कारखान्याची चिमणी, ही मुळात याच जिल्ह्याची देणगी आहे. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून लोणी येथे उभा राहिलेला कारखाना १९५०-५१ च्या गळीत हंगामात सुरू झाला आणि ग्रामीण महाराष्ट्राच्या क्षितिजावर धूर सोडणारी चिमणी हे शेतकऱ्याच्या मालकीचे चिन्ह बनले. अर्धशतकानंतर त्या चिन्हाची गाठ दुसऱ्या एका चिन्हाशी, धावपट्टीशी, पडली.

सोलापूरहून किंगफिशर कंपनीची विमाने काही काळ मुंबईकडे जात होती. ती सेवा टिकली नाही. पुढे २०१२ मध्ये कंपनीचाच कारभार थांबला. त्यानंतर होटगी रस्त्यावरील धावपट्टीचा उपयोग मुख्यतः मंत्र्यांची व बड्या पाहुण्यांची खासगी विमाने उतरविण्यापुरता राहिला. केंद्र शासनाने २०१६ मध्ये ‘उडान’ ही प्रादेशिक हवाई संपर्क योजना आणली. सुमारे तासाभराच्या प्रवासासाठी निम्म्या आसनांचे भाडे अडीच हजार रुपयांच्या आसपास मर्यादित ठेवावे आणि कंपनीला येणारी तूट तीन वर्षे शासनाने भरून द्यावी, असे तिचे साधारण स्वरूप होते. सुरुवातीच्या फेऱ्यांतच सोलापूरचे नाव यादीत आले. विमान मात्र आले नाही. विमान का येत नाही, या प्रश्नाला त्यानंतरची काही वर्षे सार्वजनिक चर्चेत एकच उत्तर मिळत राहिले : श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची उंच चिमणी.

येथे नियमाची रचना समजून घेणे आवश्यक आहे. विमानतळाचा अधिकार त्याच्या कुंपणाशी संपत नाही. धावपट्टीच्या दोन्ही टोकांपासून तिरकस वर चढत जाणारे आणि भोवताली पसरणारे काल्पनिक पृष्ठभाग आखलेले असतात. त्यांना छेदणारी प्रत्येक वस्तू, मग ती इमारत असो, मनोरा असो वा झाड, नियमांच्या भाषेत ‘अडथळा’ ठरते. विमान अधिनियम, १९३४ मधील कलम ९अ अन्वये विमानतळाच्या परिसरातील बांधकामांवर निर्बंध घालण्याचा अधिकार केंद्र शासनाला होता. १ जानेवारी २०२५ पासून त्या अधिनियमाची जागा भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ ने घेतली. उंच बांधकामासाठी विमानतळ प्राधिकरणाचे ना-हरकत प्रमाणपत्र घ्यावे लागते. विमानतळावर प्रत्यक्षात किती विमाने उतरतात, हा प्रश्न या व्यवस्थेत विचारला जात नाही, आणि सुरक्षेच्या दृष्टीने ते योग्यही आहे. ज्या धावपट्टीवर महिनाभर कोणी उतरले नाही तिच्यावरही आणीबाणीच्या वेळी एखादे विमान उतरू शकते. परंतु याचा सामाजिक परिणाम असा होतो की, ज्या विमानतळाकडून परिसराला एकही प्रवासी मिळत नाही, त्याचा आकाशावरील हक्क मात्र तसूभरही कमी होत नाही.

‘अडथळा’ हा शब्द या वादात ज्या सहजतेने तांत्रिक परिभाषेतून वृत्तपत्रीय भाषेत उतरला, तो प्रवास लक्षणीय आहे. तांत्रिक अर्थाने अडथळा म्हणजे ठरावीक उंचीपेक्षा वर गेलेली वस्तू. सार्वजनिक चर्चेत त्याचा अर्थ ‘शहराच्या विकासाचा अडथळा’ असा झाला. पहिला अर्थ मीटरमध्ये मोजता येतो, दुसरा मोजता येत नाही. एकदा हा अर्थबदल झाल्यावर चिमणीमागे उभे असलेले ऊसउत्पादक सभासद, कामगार, हंगामाचे वेळापत्रक आणि विजेच्या विक्रीतून फिटावयाचे कर्ज हे सारे आपोआप विकासाच्या विरुद्ध बाजूला जाऊन उभे राहिले. याउलट, कारखान्याच्या समर्थकांनी या प्रश्नाला शहर विरुद्ध शेतकरी असे रूप दिले. तेही तितकेच सोयीस्कर होते, कारण त्यात चिमणी आवश्यक परवानग्यांविना उभारली गेल्याच्या आक्षेपाला बगल मिळाली. परवानगीचा प्रश्न गौण नव्हता. महानगरपालिकेची कारवाई अखेर अनधिकृत बांधकाम याच मुद्द्यावर झाली. सहकारी संस्था शेतकऱ्यांची आहे एवढ्या कारणाने तिला नियमांतून सूट मिळू शकत नाही. मात्र बांधकाम उभे राहत असताना यंत्रणा काय करीत होत्या, हा प्रश्न दोन्ही बाजूंच्या लेखनात फारसा विचारला गेला नाही. त्या काळात विमानसेवा नव्हती. म्हणून कोणी वर पाहिले नाही, असेच म्हणावे लागते.

दीर्घ न्यायालयीन वादानंतर १५ जून २०२३ रोजी मोठ्या पोलीस बंदोबस्तात, नियंत्रित स्फोटाद्वारे ही चिमणी पाडण्यात आली. यापुढील तारखा विचारात घेण्याजोग्या आहेत. विमानतळाचे उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते दूरदृश्य प्रणालीद्वारे २९ सप्टेंबर २०२४ रोजी झाले. पहिले नियमित प्रवासी विमान गोव्याकडे ९ जून २०२५ रोजी सुटले. म्हणजे चिमणी पडल्यापासून विमान येईपर्यंत दोन वर्षांना अवघे काही दिवस कमी होते आणि उद्घाटनानंतरही आठ महिन्यांहून अधिक काळ विमानतळ विमानाविनाच होता. ज्या मुंबईसाठी सारा अट्टाहास होता ती सेवा ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाली. चिमणी हेच एकमेव कारण असते, तर या दोन वर्षांचा हिशेब लागत नाही. धावपट्टीची दुरुस्ती, परवाना, कंपनीकडे विमानांची उपलब्धता, मुंबईच्या गजबजलेल्या विमानतळावर उतरण्याची वेळ मिळणे आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तोट्याची भरपाई, हे सारे प्रश्न चिमणीच्या सावलीत झाकले गेले होते.

या दोन वर्षांपूर्वीच आणखी एक गोष्ट घडून गेली होती. १० फेब्रुवारी २०२३ रोजी, म्हणजे चिमणी पडण्यापूर्वी चार महिने, मुंबई-सोलापूर वंदे भारत रेल्वे सुरू झाली. साडेसहा तासांच्या आसपास, शहराच्या मध्यातून शहराच्या मध्यात पोहोचविणारी ही सेवा विमानाची स्पर्धक आहे की नाही, याचा अभ्यास विमानतळाच्या बाजूने लिहिणाऱ्यांनी केल्याचे फारसे आढळत नाही. योगायोग असा की त्याच दिवशी, त्याच समारंभात मुंबई-साईनगर शिर्डी ही दुसरी वंदे भारत गाडीही सुरू झाली.

नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा २०२३ चा ‘उडान’विषयक अहवाल या संदर्भात निर्णायक आहे. योजनेच्या तिसऱ्या फेरीपर्यंत मंजूर झालेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ मार्ग सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी ११२ मार्गांनी तीन वर्षांची सवलतीची मुदत पूर्ण केली आणि मार्च २०२३ पर्यंत त्यापुढे टिकलेले मार्ग केवळ ५४ होते. या आकड्यांकडे योजनेचे अपयश म्हणून पाहिले जाते. त्यांचे दुसरे वाचनही शक्य आहे : माजी विमानतळ हा अपवाद नसून या धोरणाचे ते नियमित उत्पादन आहे. नांदेडहून हैदराबादला जाणारे विमान २७ एप्रिल २०१७ रोजी योजनेच्या अगदी पहिल्या दिवशी उडाले. ती सेवा देणारी ट्रूजेट कंपनी २०२२ च्या प्रारंभी बंद पडली.

काकडी येथील शिर्डी विमानतळ या पार्श्वभूमीवर वेगळा दिसतो. महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीने कोपरगाव तालुक्यातील या गावी अडीच हजार मीटर लांबीची धावपट्टी उभारली आणि १ ऑक्टोबर २०१७ रोजी राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. साईबाबांच्या समाधी शताब्दीचे ते वर्ष. पुढे हैदराबाद, चेन्नई, बंगळुरू, दिल्ली अशा शहरांशी तो जोडला गेला. मार्गांची ही यादी वाचली तरी विमानतळ कोणासाठी आहे हे स्पष्ट होते. तो बाहेरून येणाऱ्या भाविकाचा विमानतळ आहे. अहिल्यानगर शहरातील प्राध्यापक किंवा संगमनेरचा व्यापारी विमान गाठण्यासाठी बहुधा पुण्याकडेच वळतो. यात दोष काही नाही. किंबहुना काकडीचे यश यातच आहे की, त्याने जिल्ह्याची गरज भागविण्याचा आव आणला नाही. परंतु मग त्याला जिल्ह्याच्या विकासाचे माप म्हणून वापरता येणार नाही. कमी दृश्यमानतेमुळे नोव्हेंबर २०१९ मध्ये येथील उड्डाणे काही आठवडे थांबली, तेव्हा अडचण झाली ती भाविकांची आणि टॅक्सीचालकांची. तालुक्याची शेती, बाजार समिती, कारखाने यांच्या व्यवहारावर त्याचा परिणाम झाल्याची चर्चा झाली नाही.

कोपरगावच्या दक्षिणेकडील जिरायत पट्ट्यातून, संगमनेर-राहाता परिसरातून, ज्या प्रकल्पाची वाट पाहिली गेली तो निळवंडे होता. त्याला मंजुरी १९७० मधील. डाव्या कालव्याचे लोकार्पण २६ ऑक्टोबर २०२३ रोजी झाले. तोवर काकडीच्या धावपट्टीवर सहा वर्षे विमाने उतरत होती. या दोन कालावधींची तुलना कोणी अन्यायकारक म्हणेल, कारण धरण-कालव्यांचे भूसंपादन आणि पुनर्वसन हे कितीतरी गुंतागुंतीचे असते. तरीही ही तुलना प्रशासनाच्या आस्थेचा क्रम दाखविते, आणि काकडीविषयीच्या गौरवपर लेखनात ती येत नाही.

सोलापूरच्या वादाचा तिसरा कोन सर्वांत कमी चर्चिला गेला आहे. होटगी रस्त्यावरील विमानतळ अपुरा पडेल या कारणाने शहराबाहेर बोरामणी येथे नवा विमानतळ उभारण्याचे ठरले. त्यासाठी शेतकऱ्यांकडून जमीन संपादित झाली आणि पुढे प्रकल्प वनजमिनीच्या प्रश्नात अडकला. माळढोक अभयारण्याची १९७९ मधील मूळ अधिसूचना सोलापूर व अहमदनगर मिळून सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटरची होती, आणि कर्जत, श्रीगोंदा, नेवासा येथील शेतकऱ्यांनी जमिनीच्या व्यवहारांवरील तिचे निर्बंध दीर्घकाळ अनुभवले आहेत. पक्षी दिसेनासा झाला तरी अभयारण्याची रेषा नकाशावर राहते, तशीच विमान नसले तरी विमानतळाची. मात्र अभयारण्याच्या बाबतीत शासनाने अखेर सीमांची पुनर्रचना करून क्षेत्र बरेच घटविले. बंद विमानतळांच्या उंचीमर्यादांचा असा फेरविचार करण्याची, किंवा ठरावीक वर्षे नियमित सेवा नसल्यास भोवतालच्या बांधकामांबाबत वेगळी कार्यपद्धती आखण्याची मागणी या वादात ठळकपणे पुढे आली नाही. होटगी रस्त्यावर आता विमाने उतरत आहेत, चिमणीची जागा मोकळी आहे आणि बोरामणीत संपादित जमीन असूनही विमानतळ नाही. त्या जमिनीचे मूळ मालक कोणत्या कामासाठी जमीन देऊन बसले, याचे उत्तर सातबाऱ्यावरील नोंदीपलीकडे अद्याप कोठेही लिहिले गेलेले नाही.